नाक्यावरच्या आज्या आणि त्यांचं घड्याळ

मराठीत 'नाका' हा तसा घरगुती शब्द आहे. मित्र भेटतात तो नाका, रिक्षा मिळते तो नाका, पहाटे थापी-घमेलं घेऊन रोजंदारीच्या आशेने माणसं उभी राहतात तो मजूर नाका. पोलिसांची नाकाबंदी सोडली तर या शब्दाची कुणाला धास्ती वाटत नाही. हिब्रूतल्या 'मखसोम'चं तसं नाही. मखसोम म्हणजे अडसर, आणि रोजच्या बोलण्यात लष्कराचा तपासणी नाका. वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी माणसाकडे त्यासाठी 'हाजिझ' हा स्वतःचा अरबी शब्द आहे, तरी बोलता बोलता त्याच्याही तोंडी पुष्कळदा 'मखसोम'च येतो.

या नाक्यावर बंदूकवाला सैनिक असतो, रांगेतला पॅलेस्टिनी असतो, आणि कधीकधी थोडी बाजूला उभी असलेली एक तिसरीच व्यक्ती असते. साठी-सत्तरीची इस्रायली बाई, छातीवर बिल्ला, हातात वही. तिला कुणी बोलावलेलं नसतं आणि कुणी पगारही देत नाही. ती बघते आणि लिहून ठेवते: किती वाजले, रांगेत किती माणसं, किती खिडक्या उघड्या, सैनिक कुणाशी कसा वागला. या बायकांच्या संघटनेचं नाव 'मखसोम वॉच'. 2001 सालापासून हे काम चालू आहे.

वाट पाहण्याचा वेळ मोजायचा, एवढंच ऐकलं तर काम अगदी बिनडोक वाटतं. घड्याळ बघायचं आणि आकडा टिपायचा. पण घड्याळ नेमकं कुठून लावायचं आणि कुठे थांबवायचं, या प्रश्नात त्या सगळ्या भूभागाचं राजकारण दडलेलं आहे. ते उलगडायचं तर आधी नाका असतो कुठे, ते बघावं लागेल.

नाका सीमेवर नसतो

नाका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाघा-अटारी उभी राहते. इकडे एक देश, तिकडे दुसरा, मधे फाटक. वेस्ट बँकमधलं चित्र असं नाही. वेस्ट बँक म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिम काठाचा प्रदेश. 1967च्या युद्धात इस्रायलने तो जॉर्डनकडून घेतला आणि तेव्हापासून तिथे इस्रायली लष्कराचा ताबा आहे. 1949च्या युद्धविरामाची जी रेषा होती, तिला 'ग्रीन लाइन' म्हणतात. काही नाके या रेषेच्या आसपास आहेत. पण कितीतरी नाके पूर्णपणे आत, एका पॅलेस्टिनी गावातून दुसऱ्या पॅलेस्टिनी गावाला जाणाऱ्या रस्त्यावर आहेत. म्हणजे कल्पना करा, साताऱ्याहून कराडला निघालात आणि उंब्रजला परक्या सैन्याने गाडी थांबवून विचारलं, कराडला कशाला चाललात?

हे असं का झालं, त्याचं एक कारण इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या 1995च्या ओस्लो करारात सापडतं. या कराराने वेस्ट बँकचे अ, ब आणि क असे तीन भाग पडले. मोठी पॅलेस्टिनी शहरं 'अ' मध्ये, बरीचशी गावं 'ब' मध्ये, आणि उरलेला सुमारे 60 टक्के प्रदेश 'क' मध्ये, जिथे सगळा ताबा इस्रायलचा. यातली मेख अशी की 'क' भाग सलग आहे, तर 'अ' आणि 'ब' त्यात बेटांसारखे विखुरलेले आहेत. बेटावरून बेटावर जायचं तर पाणी ओलांडावं लागणारच. ही व्यवस्था पाच वर्षांपुरती, तात्पुरती म्हणून ठरली होती.

दुसरं कारण परवान्याचं. 1991च्या आखाती युद्धापर्यंत बहुतेक पॅलेस्टिनींना इस्रायलमध्ये ये-जा करायला सरसकट परवानगी होती. जानेवारी 1991 मध्ये ती काढून घेतली आणि प्रत्येकाला वेगळा परवाना लागू लागला. मार्च 1993 मध्ये इस्रायली नागरिकांवरच्या हल्ल्यांनंतर जी बंदी आली, ती नंतर कायमचीच झाली. परवान्याला अरबीत 'तस्रीह' म्हणतात. तिथल्या घराघरात हा शब्द आपल्याकडच्या रेशनकार्डाइतका रुळलेला आहे. ओळखपत्र म्हणजे 'हविय्या'. वेस्ट बँकवाल्याचं हिरव्या पाकिटातलं, जेरुसलेमवाल्याचं निळ्या. नवरा-बायकोची पाकिटं दोन रंगांची असली की त्या संसाराची काय तऱ्हा होते, तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

सप्टेंबर 2000 मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, सुरू झाला आणि वेस्ट बँकच्या आतल्या रस्त्यांवर नाके भराभर वाढले. 2002 पासून त्यात भिंतीची भर पडली. काही ठिकाणी काँक्रीटची भिंत आणि बहुतेक ठिकाणी कुंपण अशा या अडथळ्याचा आखलेला मार्ग सुमारे 712 किलोमीटरचा आहे, आणि त्यातला 85 टक्के ग्रीन लाइनवर नसून वेस्ट बँकच्या आत शिरलेला आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 9 जुलै 2004 रोजी दिलेल्या सल्लारूपी मतात, वेस्ट बँकच्या आतली ही भिंत आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध असल्याचं म्हटलं. भिंत आजही उभी आहे.

त्या बायका तिथे कशा पोचल्या

2001च्या सुरुवातीला जेरुसलेममधल्या तीन बायकांच्या कानावर बेथलेहेमच्या नाक्यावर माणसांना मिळणाऱ्या वागणुकीच्या गोष्टी आल्या. 'जाऊन बघू या' म्हणून त्या गेल्या. रोनी यागर आणि यहुदित केशेत ही त्यांतल्या दोघींची नावं. बघून आल्यावर गप्प बसवेना म्हणून पुन्हा गेल्या, मैत्रिणींना घेऊन गेल्या, पाळ्या लावल्या. काही वर्षांत संख्या चारशे-पाचशेवर गेली. सकाळची पाळी, दुपारची पाळी, दोघी-तिघी मिळून स्वतःच्या गाडीने जायचं, दोन-तीन तास उभं राहायचं, घरी येऊन अहवाल लिहायचा. असे हजारो अहवाल हिब्रू आणि इंग्रजीत जमले आहेत आणि ते कुणालाही वाचता येतात.

या संघटनेत फक्त बायका का? कारण अगदी व्यावहारिक आहे. इस्रायलमध्ये अठरा वर्षं झाली की बहुतेक ज्यू मुला-मुलींना लष्करी सेवा सक्तीची असते, आणि पुरुष पुढेही बरीच वर्षं राखीव दलात राहतात. नाक्यावर एखादा पुरुष सैनिकाशी बोलायला गेला की 'मीही लष्करात होतो, तू मला काय शिकवतोस' असं होऊन प्रकरण हातघाईवर यायला वेळ लागत नाही. बाईसमोर, त्यातून आजीच्या वयाच्या बाईसमोर, एकोणीस वर्षांचा पोरगा थोडा गडबडतो. 'तुझ्या आईला माहीत आहे का तू इथे काय करतोस?' हा प्रश्न आजीच विचारू शकते. सगळेच सैनिक गडबडतात असंही नाही. काही जण शिव्या देतात, काही पाणी आणून देतात, काही जण आजूबाजूला अधिकारी नाही असं बघून हळूच येऊन बोलतात.

हा सैनिक कोण असतो, तेही इथेच सांगून टाकतो. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबांची वस्ती लोद, रामला, अश्दोद, दिमोना इथे आहे. त्यांच्या जुन्या पिढीच्या घरांत मराठी अजून कानावर पडते, आणि सक्तीच्या सेवेचा कायदा त्यांच्याही नातवंडांना लागू आहे. तेव्हा खिडकीमागचा तो पोरगा रायगडच्या एखाद्या आजीचा नातू असूही शकतो. आपल्याला ही सगळी गोष्ट फार दूरची वाटते, म्हणून हे लिहिलं.

वेळ मोजायचा कसा

आता मुख्य काम. तीनशे-चारशे माणसांची रांग, पहाटेचा अंधार, आणि कुणी किती वेळ वाट पाहिली ते शोधायचं.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे विचारणं. बाहेर पडणाऱ्याला, 'किती वाजता रांगेत लागलात?' उत्तर मिळतं, पण माणूस त्रासलेला असतो, घाईत असतो, आणि त्रासलेल्या माणसाची पंचेचाळीस मिनिटं सहज तास-दीड तास होतात. यात तो खोटं बोलत नसतो. दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या कुणालाही विचारा.

दुसरा मार्ग खूण धरण्याचा. रांगेच्या शेवटी येऊन उभा राहिलेला एखादा सहज ओळखू येणारा माणूस हेरायचा, समजा पिवळी टोपीवाला, आणि तो पलीकडून बाहेर पडेपर्यंत घड्याळ चालू ठेवायचं. हा आकडा पक्का, पण एकाच माणसाचा. त्याला मधेच बाजूला घेऊन बसवलं तर?

तिसरा मार्ग गणिती आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो, कारण त्यात कुणाला काही विचारावंच लागत नाही. दर पाच मिनिटांत किती माणसं बाहेर पडतात ते मोजायचं आणि रांगेत साधारण किती आहेत त्याचा अंदाज घ्यायचा. समजा पाच मिनिटांत 40 जण सुटतात, म्हणजे मिनिटाला 8. रांगेत 600 जण आहेत. 600 भागिले 8, म्हणजे 75. आत्ता जो शेवटी येऊन उभा राहिला, त्याला सव्वा तास लागणार. बँक, टोलनाका, देवस्थानची दर्शनरांग, सगळीकडे हेच गणित चालतं. मोजणीसाठी अंगठ्याने दाबायचं छोटं यंत्र मिळतं. जागतिक चर्च परिषदेच्या एका कार्यक्रमातून 2002 पासून निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक तीन-तीन महिन्यांसाठी तिथे येऊन राहतात. बेथलेहेमच्या 300 क्रमांकाच्या नाक्यावर पहाटे चारपासून ही यंत्रं टिकटिकवत मोजणी करण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं आहे.

शिवाय आकड्याशेजारी कारण लिहावं लागतं. 'सव्वा तास लागला' एवढ्याने काही कळत नाही. 'पाचपैकी दोनच खिडक्या उघड्या होत्या' म्हटलं की गर्दीवर ढकलता येणारी जबाबदारी व्यवस्थेकडे येते. गर्दी तर रोजचीच आहे, तेव्हा बाकीच्या तीन खिडक्या बंद का, हे विचारता येतं. 'साडेसहा ते सात पाळी बदलत होती, अर्धा तास कुणालाच सोडलं नाही' ही नोंदही तशीच. एकाच नाक्यावरची अशी नोंद वीस वेळा आली की तो योगायोग उरत नाही.

इथे सरासरीचा एक सापळा आहे. समजा एखाद्या नाक्यावर महिन्याची सरासरी चाळीस मिनिटं निघाली. लष्कराचा प्रवक्ता म्हणेल, चाळीस मिनिटं म्हणजे काही फार नाही, विमानतळावरही तेवढा वेळ जातो. पण ज्याला सात वाजता बांधकामाच्या साइटवर हजर व्हायचं आहे, तो सरासरीच्या हिशेबाने घरून निघत नाही. महिन्यातल्या सगळ्यात वाईट दिवसाच्या हिशेबाने निघतो. एकदा खाडा पडला की मुकादम दुसरा माणूस घेतो. म्हणून ज्या दिवशी नाका पंधरा मिनिटांत सुटतो, त्या दिवशीही तो तीनलाच उठलेला असतो. तुलकर्मजवळच्या इर्ताह आणि कल्किल्याजवळच्या इयाल या मजुरांच्या नाक्यांवर पहाटे तीन-चारला हीच माणसं दिसायची. लवकर सुटली की भिंतीच्या इस्रायली बाजूला पुठ्ठ्यावर अंग टाकायची आणि मुकादमाच्या गाडीची वाट बघायची. घड्याळाच्या भाषेत त्यांनी पंधरा मिनिटं वाट पाहिली. झोप किती गेली, याला रकाना नव्हता.

जागेची मापंही मग नोंदीत येतात. नाक्यांवर लोखंडी दांड्यांची फिरती फाटकं असतात, स्टेडियमच्या दारावर असतात तशी. एका इस्रायली वास्तुरचनाकाराने दाखवून दिलं की इस्रायलमधल्या सार्वजनिक ठिकाणी या दांड्या 75 ते 90 सेंटीमीटर लांबीच्या असतात, तर पॅलेस्टिनींसाठीच्या नाक्यांवर त्या 55 सेंटीमीटर ठेवल्या होत्या. कपड्यांखाली काही लपवलं असेल तर दांडी अंगाला घासून कळावं, हा हेतू. व्यवहारात काय होतं? पोटुशी बाई, कडेवर मूल असलेली बाई, हातात पिशव्या असलेला म्हातारा त्यात अडकतो. रांग थांबते आणि मोजणारीच्या वहीतला आकडा फुगतो.

वागणूक मोजायची कशी

वेळेला मिनिटं तरी आहेत. सैनिकाची वागणूक कशाने मोजणार?

'सैनिक उद्धट होता' हे वाक्य निरुपयोगी असतं. ते लिहिणारीचं मत झालं, आणि दुसऱ्या दिवशी लष्कराचा अधिकारी सहज म्हणू शकतो की तुमचं मत तुमच्यापाशी. 'सात वाजून दहा मिनिटांनी सैनिकाने ओळखपत्र हातात न देता जमिनीवर टाकलं' ही नोंद झाली. चांगल्या नोंदीत विशेषणं कमी आणि क्रियापदं जास्त असतात. पत्रकारितेच्या वर्गात हे शिकवायला एक सत्र जातं. रोज तक्रार करून रोज उडवून लावलं गेलं की माणूस आपसूक शिकतो.

सगळ्यात जास्त नोंदी 'थांबवून ठेवलेल्यां'च्या असायच्या. ओळखपत्र घेतलं जातं, नंबर फोनवरून वर कळवला जातो, उत्तर येईपर्यंत माणूस बाजूला उन्हात बसतो. कधी वीस मिनिटं, कधी कितीतरी तास. कधी उत्तर येऊनही त्याला सोडायचं कुणी विसरतं, तर कधी मुद्दामच विसरलं जातं, रांगेत वाद घातला म्हणून. या बायका त्याला जाऊन विचारत, कधीपासून बसलास? मग लष्कराच्या मदत क्रमांकावर किंवा त्या भागाच्या समन्वय कार्यालयातल्या अधिकाऱ्याला फोन लावत. त्या कार्यालयांतल्या कितीतरी जणांचे नंबर त्यांना पाठ होते. फोनने काम होई कधी, कधी नाही. होई तेव्हा एक माणूस घरी जाई.

सैनिकांकडे यावर एक हमखास उपाय होता. 'हा भाग बंद लष्करी क्षेत्र आहे, निघा.' कधी लेखी हुकूम दाखवत, कधी नुसतंच तोंडी. काही नाक्यांवर जमिनीवर पांढरी रेषा आखून दिली होती, बायकांनी तिच्या पलीकडे यायचं नाही. रेषेवरून हुज्जत घालण्यात कितीतरी सकाळी गेल्या. हे वाचताना मला दर वेळी शाळेतल्या बाकावर खडूने आखलेली रेषा आठवते. पण इथे रेषेच्या अलीकडून खिडकीतलं बोलणं ऐकू येतं आणि पलीकडे ढकललं की येत नाही, म्हणून हुज्जत.

नोव्हेंबर 2004 मधला एक प्रसंग जगभर गेला. नाब्लुसजवळच्या बेत इबा नाक्यावर एक तरुण व्हायोलिन घेऊन आला. सैनिकांसमोर उभं राहून त्याने ते वाजवलं आणि मागे रांग ताटकळत होती. तिथे असलेल्या मखसोम वॉचच्या स्वयंसेविकेने ते कॅमेऱ्यात टिपलं. नाझींच्या छळछावण्यांत ज्यू वादकांना पहारेकऱ्यांसमोर वाजवावं लागत असे, ही आठवण इस्रायलमध्ये घराघरात आहे. त्यामुळे हे दृश्य पाहून तो देश हादरला. स्फोटकांची तपासणी करायची होती, असं लष्कराने सांगितलं आणि सैनिकांचं वागणं असंवेदनशील होतं हेही मान्य केलं. पुढे त्याला वाजवायला लावलं की त्याने आपणहून वाजवलं, यावर बरीच खडाजंगी झाली.

मला या प्रसंगातलं दुसरंच काहीतरी खुपतं. त्याच महिन्यांत त्याच नाक्यावर बाजारात जाणारे शेतकरी, दवाखान्यात निघालेल्या बायका, परीक्षेला उशीर झालेली विद्यापीठातली पोरं रोज परत पाठवली जात होती, आणि त्याच्या नोंदी त्याच वह्यांत होत्या. त्यावर कुणी हादरलं नाही. व्हायोलिनमुळे इस्रायली प्रेक्षकाला स्वतःचा इतिहास दिसला, म्हणून तो हलला. रांगेतल्या कांद्याच्या पोत्यात त्याला तसं काही दिसलं नाही. गर्भवती बायकांची नाक्यावरच प्रसूती झाल्याच्या घटना 2000 ते 2007 या काळात साठाहून अधिक घडल्या, असं पॅलेस्टिनी आरोग्य खात्याच्या आकड्यांवरून संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत नोंदलं गेलं. काही अर्भकं वाचली नाहीत.

आणि सुरक्षेचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. दुसऱ्या इंतिफादात सुमारे एक हजार इस्रायली मारले गेले, त्यांत बसमध्ये, हॉटेलात, बाजारात बसलेले साधे लोक कितीतरी होते. 27 मार्च 2002 रोजी नेतान्याच्या पार्क हॉटेलात सणाच्या जेवणाच्या वेळी झालेल्या आत्मघाती स्फोटात 30 जणांचा जीव गेला. मार्च 2004 मध्ये नाब्लुसजवळच्याच हुवारा नाक्यावर एका शाळकरी पोराच्या अंगावर स्फोटकांचा पट्टा सापडला. खिडकीमागच्या पोराला हे सगळं शिकवलेलं असतं, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक माणसात तो तेच शोधत असतो. नाक्यांवर सैनिकही मारले गेले आहेत.

मखसोम वॉचच्या बायकांचं यावर साधं म्हणणं आहे. इस्रायलमध्ये शिरताना तपासणी हा एक प्रश्न. पण नाब्लुसहून शेजारच्या खेड्यात जाणाऱ्या शिक्षिकेला अडवण्याने तेल अवीवची बस कशी वाचते? लष्कराचं उत्तर असं की हल्लेखोराला जितक्या लांब अडवता येईल तितकं बरं. या वादाचा निकाल वहीतल्या आकड्यांनी लागत नाही. पण नाका कशासाठी आहे, असं विचारायला लागलं की रोज वेगळं उत्तर मिळतं, हे मात्र त्या अहवालांतून दिसतं. आज पंचविसाखालच्या पुरुषांना बंदी, उद्या पस्तिशीखालच्यांना, परवा नाकाच उठवलेला. नियम ठाऊक असेल तर माणूस तो पाळू शकतो किंवा मोडू शकतो. नियमच ठाऊक नसेल तर नशिबावर हवाला ठेवून निघायचं. अचानक उभे राहणारे नाके तर त्याहून अवघड. अरबीत त्यांना 'हाजिझ तय्यार' म्हणतात, म्हणजे उडता नाका. एक जीप, दोन सैनिक, रस्त्यावर काटे. तासाभराने तिथे काही नसतं.

सुधारणा झाल्या, मग?

झाल्या. काही नाक्यांवर छप्पर आलं, पाण्याचे नळ आले, संडास आले. बायका, म्हातारे, आजारी यांच्यासाठी वेगळी रांग सुरू झाली, तिला 'मानवतावादी रांग' असं नाव मिळालं. बाकीच्या रांगेचं नाव काय, असं विचारावंसं वाटतं. 2004 मध्ये हुवारा नाक्याच्या एका प्रमुखाला पॅलेस्टिनींना मारहाण केल्याबद्दल लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली. त्याचं चित्रण लष्कराच्याच कॅमेरा पथकाने केलं होतं. 2009च्या आसपास नाब्लुसभोवतीचे काही आतले नाके सैल झाले, बेत इबा उठला. रामल्ला आणि जेरुसलेम यांच्यामधल्या कलंदियाला 2019 मध्ये नवी इमारत आणि बोटांचे ठसे, चेहरा ओळखणारी स्वयंचलित फाटकं आली. एकेकाळी दीड-दोन तास खाणाऱ्या त्या नाक्यातून कार्डवाला माणूस काही मिनिटांत पलीकडे जाऊ लागला.

इथे संघटनेतला जुना वाद पुन्हा वर आला, आणि तो वाद प्रामाणिक आहे. एका गटाचं म्हणणं, आपण लक्ष ठेवलं म्हणून छप्पर आलं, वेळ कमी झाला, हे काही थोडं नाही. दुसऱ्या गटाचं म्हणणं, आपण नाक्याला रंगरंगोटी करून देतोय. ताबा कायम राहिला आणि रांग सुटसुटीत झाली, तर लष्कराला आपल्यासारखे फुकटचे निरीक्षक आणखी कुठे मिळणार? फोन करून एका आजाऱ्याला सोडवायचं की नाही, या प्रश्नावर मात्र दोन्ही गट फोनच करत.

मला दुसऱ्या गटाचं म्हणणं जास्त पटतं, ते घड्याळामुळे. कलंदियात पाच मिनिटं लागतात हे खरं. पण ती पाच मिनिटं फक्त परवानावाल्याची आहेत. ज्याला परवानाच नाकारला, तो रांगेत येतच नाही, म्हणून तो कुठल्याच सरासरीत धरला जात नाही. इस्रायलच्या अंतर्गत गुप्तचर संस्थेला हिब्रू आद्याक्षरांवरून 'शबाक' म्हणतात. तिने नाव अडवलं की संगणकावर लाल खूण येते, आणि कारण विचारलं तर 'सुरक्षेच्या कारणास्तव' एवढंच उत्तर मिळतं. हे उमगल्यावर मखसोम वॉचच्या काही जणी नाका सोडून टेबलाशी बसल्या. हिब्रूत अर्ज लिहून द्यायचे, फॅक्स करायचे, महिनोन्‌महिने पाठपुरावा करायचा. अर्ज गेल्यावर बऱ्याच जणांवरची बंदी उठली. आता माणूस इतका धोकादायक असेल तर एका निवृत्त शिक्षिकेच्या फॅक्सने तो निर्धोक कसा होतो?

भिंतीतली शेतीची फाटकं हा असाच एक प्रकार. भिंत आत शिरल्यामुळे कितीतरी गावांची शेतं पलीकडे राहिली. त्यांच्यासाठी फाटकं आहेत, त्यांतली काही दिवसातून दोन-तीनदा, थोडा थोडा वेळ उघडतात, आणि काही तर फक्त जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, तोडणीच्या हंगामात. शेतकरी सकाळी आत गेला की दुपारच्या फेरीपर्यंत तिथेच. साप चावला, ट्रॅक्टर बिघडला, पाऊस आला, तरी फाटक वेळेलाच उघडणार. इथे रांग दहा माणसांची, वाट पाहण्याचा वेळ जेमतेम. पण झाडांची निगा दोन हंगाम राहून गेली की जैतुनाचं उत्पन्न घसरतं, हे कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला सांगायला नको.

लक्ष ठेवणारे सगळेच उघडपणे लिहितात असंही नाही. हेब्रोन शहरात 1997 पासून एक अधिकृत आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथक होतं. 1994 मध्ये तिथल्या मशिदीत एका इस्रायली वसाहतकाराने, म्हणजे ताब्यातल्या प्रदेशात वस्ती करून राहिलेल्या इस्रायलीने, नमाजींवर गोळीबार करून 29 जणांना मारलं होतं, त्या पार्श्वभूमीवर ते आलं. या पथकाचे अहवाल दोन्ही बाजूंच्या सरकारांना आणि पथकात माणसं पाठवणाऱ्या देशांना मिळत, लोकांना नाही. जानेवारी 2019 मध्ये इस्रायलने त्याची मुदत वाढवली नाही, पथक गेलं. त्याच महिन्यात चर्च परिषदेनेही वसाहतवाल्यांच्या त्रासामुळे आपले स्वयंसेवक हेब्रोनमधून काढून घेतले. व्हिसा लागणाऱ्या निरीक्षकाला घालवून देता येतं. तेल अवीवमध्ये राहणाऱ्या आजीला व्हिसा लागत नाही, म्हणून ती पंचवीस वर्षं टिकली.

तिच्यासमोरचा नाका मात्र ओळखू न येण्याइतका बदलला. मोठ्या नाक्यांवर सैनिकांच्या जागी 2006च्या आसपासपासून खासगी सुरक्षा कंपन्यांची माणसं आली. काचेमागून ध्वनिक्षेपकावर हुकूम येतो, बोलणारा दिसत नाही. वागणूक कुणाची टिपायची? आणि 7 ऑक्टोबर 2023च्या हमासच्या हल्ल्यानंतर वेस्ट बँकमधल्या मजुरांचे परवाने रातोरात स्थगित झाले. इस्रायलमध्ये आणि वसाहतींत कामाला जाणारे सुमारे दीड लाख लोक घरी बसले. इर्ताह आणि इयालचे ते पत्र्याचे लांबलचक बोळ ओस पडले. तिथे तेव्हा कुणी घड्याळ लावलं असतं, तर वाट पाहण्याचा वेळ शून्य मिनिटं आला असता.

त्यानंतर गावांच्या तोंडाशी लोखंडी फाटकं बसू लागली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाने 2025च्या सुरुवातीला वेस्ट बँकमध्ये हालचाल अडवणारे 849 अडथळे मोजले, त्यांतली 288 अशी फाटकं. यातल्या कितीतरी फाटकांपाशी सैनिक नसतो, खिडकी नसते, रांगही नसते. आडवी दांडी आणि कुलूप. पलीकडे गाव, अलीकडे रस्ता, माणसं दांडीखालून वाकून जातात आणि सामान हातोहात पलीकडे देतात. पाहणीला गेलेल्या बाईला एवढंच लिहिता येतं: फाटक बंद, आणि किती वाजता बघितलं ती वेळ.